काटकसरीचा ऋतू



वसंत व्याख्यानमालेत अर्थशास्त्रावर बोलायला उभे राहणे म्हणजे आंब्याच्या दिवसांत कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. संतवाङ्मयावर किंवा शिवकालावर बोलणाऱ्याकडे श्रोते आपण होऊन येतात. अंदाजपत्रकावर बोलणाऱ्याला ते धरून बसवावे लागतात. तरीही हा विषय मी घेतला, कारण ज्या वादाविषयी मी बोलणार आहे तो दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत झडत असला, तरी त्याचा निकाल तुमच्या गावच्या दुकानांत आणि पाड्यांवर लागत असतो. वाद असा: मंदी आली, व्यापार बसला, हात रिकामे झाले, की सरकारने आपला खर्च आखडावा की वाढवावा?

शहरात मंदी आली की वर्तमानपत्रांत मोठाले मथळे येतात. इकडे आजोबाच्या डोंगराखाली ती दर वर्षी येते आणि तिचा मथळा कुठेच छापून येत नाही. भात झोडून झाले, नाचणी-वरई घरात आली, दिवाळी सरली, की शेतावरचे काम संपते ते थेट पुढच्या राबापर्यंत. मग बिऱ्हाड पाठीवर बांधून ठाकूर-कातकऱ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. पुष्कळांनी भट्टीवाल्याकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. शाळेच्या पटावर नाव असलेले मूल माघात वर्गात दिसत नाही, ते या मंदीमुळे. तेव्हा मंदी म्हणजे काय, हे या गावाला मी सांगायला नको. मला सांगायचे आहे ते तिच्यावरच्या उपायाविषयी.

आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेल्या प्रसंगापासून सुरुवात करतो. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-आग्रा रस्त्यावरून, शहापुरावरून, खर्डीवरून, कसाऱ्याचा घाट चढत माणसांची रांग चालली होती. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल. साथीच्या टाळेबंदीने त्यांचा रोजगार एका रात्रीत गेला होता. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. एवढी घट स्वतंत्र भारताने पाहिली नव्हती.

आता गंमत पाहा. गंमत हा शब्द वाईट आहे, पण दुसरा सुचत नाही. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारच्या वित्त विभागाने हुकूम काढला, की अंदाजपत्रकात विकासकामांसाठी धरलेल्या रकमेपैकी यंदा ३३ टक्केच खर्च करायची. नवी कामे काढायची नाहीत. आरोग्यासारखी खाती सोडली तर नवी नोकरभरती करायची नाही. त्याच महिन्यात, १७ तारखेला, केंद्र सरकारने ग्रामीण रोजगार हमीच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर घातली. संकट एक, महिना एक, आणि दोन सरकारांनी उलट दिशेला पावले टाकली. यांतले शहाणे कोण?

उत्तर देण्याआधी राज्य सरकारची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती मूर्खपणाची नव्हती. राज्याच्या तिजोरीत येणारा वस्तू व सेवा कर आटला होता. नोटा छापण्याचा अधिकार राज्याला नाही. कर्ज काढायचे तर त्याला केंद्राने घालून दिलेली मर्यादा. ती राज्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेण्याची सवलत मिळाली ती १७ मे रोजी, आणि तीही अटींसह. मार्च महिन्याचे पगारसुद्धा राज्याने दोन हप्त्यांत दिले होते. अशा माणसाने हात आखडला तर त्याला नावे कशी ठेवावी?

आणि शिवाय ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. घरातली मिळकत घटली की घरधनीण तेलाची धार बारीक करते. मग सरकार हेही एक मोठे घरच नव्हे का? संसाराला जे लागू तेच राज्याला लागू, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पण एक फरक आहे, आणि सगळा वाद त्या फरकात आहे. तुमच्या घरात तेल कमी वापरले म्हणून तुमची मिळकत कमी होत नाही. ती येते बाहेरून. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात तेल निम्मे केले तर मात्र वाण्याची मिळकत निम्मी होते. वाणी शिलाईचा खर्च पुढे ढकलतो, शिंपी मुलाच्या शिकवणीचे पैसे थांबवतो. ज्याने-त्याने शहाणपणा केला आणि सगळे मिळून बुडाले! उलट बाजूने पाहा. समजा, बांधबंदिस्तीच्या कामावर एका बाईला दिवसाचे तीनशे रुपये मिळाले. ती ते पेटीत ठेवत नाही. ठेवण्याइतकी तिची ऐपतच नाही. आठवड्याच्या बाजारात ते तांदूळ, सुकट, मीठ-मिरची, पोराची चड्डी यांत जातात. तेच पैसे वाण्याच्या गल्ल्यातून कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तिथून आणखी कुणाकडे पोचतात. एकाच नोटेने चार घरांत चूल पेटते. अर्थशास्त्री याला गुणक म्हणतात. हा गुणक श्रीमंताच्या हातात दिलेल्या रुपयाला फारसा लागत नाही, कारण तो रुपया बँकेत जाऊन झोपतो. सरकारने पैसा सोडला एवढ्याने भागत नाही. तो कुणाच्या हातात सोडला हे पाहावे लागते.

हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारे जॉन मेनार्ड केन्स यांचे पुस्तक १९३६ साली निघाले. केन्स तरुणपणी लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीला होते; हिंदुस्थानच्या चलनावर त्यांनी १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला, पण हिंदुस्थानात ते कधी आले नाहीत. आले असते तर कदाचित त्यांना आपला सिद्धान्त पुष्कळ आधी सापडला असता, कारण त्याचा प्रयोग, आणि त्याचा उलटा प्रयोगही, आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर साठ वर्षांपूर्वीच होऊन गेला होता. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो.

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये चुकला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूर हे सारे जिल्हे होरपळले. मुंबई इलाख्याच्या सरकारने मोठाली बांधकामे काढून लोकांना कामाला लावण्याचे धोरण धरले. कालवे, तलाव, रस्ते. निरेच्या डाव्या कालव्याचे काम त्याच दुष्काळातले. पुढे त्याच्या पाण्यावर जो ऊस उभा राहिला तो आपण आजही पाहतो. मजुरांना पोटापुरती मजुरी मिळत होती. पण हा खर्च कलकत्त्याच्या सरकारच्या डोळ्यांत खुपला. व्हाइसरॉय लिटन यांनी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरवला, आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलखात धाडले ते खर्चाला आळा घालण्यासाठी.

हे टेंपलसाहेब म्हणजे मोठे अभ्यासण्याजोगे पात्र आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, बिहार-बंगालच्या दुष्काळात याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला होता. भूकबळी फारच थोडे पडले. त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली असेल असे तुम्हाला वाटेल. झाले उलटेच. एवढा पैसा उधळला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. गृहस्थ शिकले, पण नको तो धडा शिकले. दख्खनमध्ये येताच त्यांनी मजुरीचे माप खाली आणले. दिवसाला दीड पौंड धान्याच्या जागी एक पौंड धान्य, आणि वर किरकोळ पैसे. दिवसभर माती वाहणाऱ्या धडधाकट पुरुषाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोला कमीच! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मापावर काम करण्यापेक्षा काम सोडून जाणे पत्करले. भुकेल्या माणसांनी केलेला तो संप होता.

पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या संस्थेने जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाच्या हकीकती मागवल्या आणि सरकारपुढे अर्जांमागून अर्ज ठेवले. त्यांचे म्हणणे दयेपुरते नव्हते. मजूर खंगला तर शेत कोण कसणार, आणि शेत पडले तर सरकारचा सारा कुठून येणार, हा रोकडा हिशेबही त्यांत होता. १८७६ ते ७८ या तीन वर्षांत ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. ज्या तिजोरीसाठी हे केले, तिचे तरी भले झाले का? १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये फॅमिन कोड तयार झाले, म्हणजे काम काढणे ही सरकारची जबाबदारी आहे हे सरकारलाच कागदावर मान्य करावे लागले. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्यांच्या ‘केसरी’ने त्या कोडातले रयतेचे हक्क गावोगाव पोचवले.

त्यानंतरचे मंदीचे साल १९३१. त्याविषयी थोडक्यात. जगभर मंदी, शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर, आणि सारा मात्र नगद्यात तेवढाच. अशा वेळी वित्त सभासद जॉर्ज शुस्टर यांनी सप्टेंबरात पुरवणी अंदाजपत्रक मांडून कर वाढवले आणि सरकारी नोकरांच्या पगारात १० टक्के कपात केली. तिजोरीची दोन टोके जुळावीत म्हणून. शेतकऱ्याच्या घरची टोके जुळली ती बायकोच्या अंगावरचे सोने मोडून. ते सोने मुंबई बंदरातून बोटी भरभरून विलायतेला गेले.

आणि आता १९७२. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते वर्ष सांगायला नको. दुष्काळाचा मुख्य तडाखा मराठवाड्याला आणि घाटावरच्या जिल्ह्यांना बसला, पण खडी फोडणारे हात, सुखडी आणि अमेरिकेची लाल मिलो या गोष्टी साऱ्या महाराष्ट्राच्या आठवणीत आहेत. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने मजुरीची कामे काढली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर एका वेळी ५० लाखांच्या आसपास माणसे होती. १८७७ पेक्षा पाऊस काही ठिकाणी कमीच झाला असेल. पण माणसे त्या प्रमाणात मेली नाहीत. कशामुळे? काही भाग स्वस्त धान्याच्या दुकानांचा, काही रेल्वेचा आणि मोटारींचा. पण मोठा भाग त्या मजुरीचा. बाजारात धान्य असून खिशात पैसा नसला तर ते धान्य चित्रातल्या धान्यासारखे असते.

ही कामे इतक्या झपाट्याने उभी राहिली यामागे एका माणसाची पूर्वतयारी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये आपल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, एक प्रयोग केला होता: जो काम मागेल त्याला काम. त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. आणि पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला, इतर काही कर-अधिभार जोडले आणि तेवढीच भर राज्याने घालावी असे ठरले. शिक्षक मंडळींनो, तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची जी कपात दिसते, वर्षाला फार तर २५०० रुपयांची, तिचे मूळ हे आहे. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून डोंगरातल्या मजुराची हमी. हे तेव्हा महाराष्ट्राने एकमताने मान्य केले होते, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी या योजनेकडे वारंवार वळतो ते एका कारणासाठी. मंदीत सरकारने खर्च करावा हे मान्य झाले तरी मोठी अडचण उरते ती वेळेची. मंदी ओळखायला सहा महिने, समिती नेमायला तीन, निविदा काढायला आणखी सहा. पैसा पोचतो तेव्हा मंदी सरलेली असते आणि तोच पैसा महागाईच्या चुलीत लाकूड होतो. हमीच्या कायद्यात ही अडचण नाही. काम नसले की लोक आपण होऊन मागायला येतात, खर्च आपोआप वाढतो. शेते पिकली, भट्ट्या-कारखाने सुरू झाले, की लोक येत नाहीत, खर्च आपोआप उतरतो. सरकारी पंडिताला मंदी समजण्याआधी ती कामावरच्या हजेरीपटाला समजते. २०२० मध्ये केंद्राला महिन्याभरात एवढा पैसा खेड्यांत पोचवता आला, त्या वर्षी साडेसात कोटींच्या आसपास कुटुंबांना काम मिळाले, याचे कारण २००५ चा राष्ट्रीय कायदा आणि त्याची यंत्रणा आधीच उभी होती. आणि तो कायदा महाराष्ट्राचाच धडा गिरवून केलेला होता.

याच्या उलट उदाहरणही त्याच वर्षाचे, आणि आपल्या दारातले. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्याच्या तोंडी खावटीची गरज असते, हे तुम्ही जाणता. राज्याने २०२० च्या सप्टेंबरात खावटी अनुदान मंजूर केले: कुटुंबामागे ४००० रुपये, अर्धे रोख, अर्धे वस्तूंच्या रूपाने. हेतू उत्तम. पण वाटप रेंगाळत २०२१ मध्ये गेले. जी मदत टाळेबंदीच्या पावसाळ्यासाठी, ती पुढच्या पावसाळ्याला मिळाली. आवणी टळून गेल्यावर रोपे आणून दिली तर शेतकरी त्यांचे काय करील?

आता काटकसरवाल्यांना त्यांचे माप घातल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. खर्चाचे समर्थन करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. रिकामे हात आणि पडून असलेला माल असेल तेव्हाच पैसा उत्पादन वाढवतो. माल नसेल तर तो फक्त भाव वाढवतो. १९७३ आणि ७४ मध्ये पीक बुडालेले, खनिज तेल महागलेले; भाव वर्षाला २० टक्क्यांहून अधिक चढले आणि ज्या गरिबासाठी खर्च केला त्याच्याच ताटातली भाकर लहान झाली. २००८ च्या जागतिक मंदीत आपण कर उतरवले, खर्च वाढवला, ते बरोबरच झाले. पण मंदी ओसरल्यावर हात वेळेवर आवरला नाही. केंद्राची तूट २००९-१० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेसहा टक्क्यांच्या घरात गेली आणि पुढची काही वर्षे महागाईने लोकांचा पिच्छा सोडला नाही. सुगीत कणगी भरायची नाही आणि आषाढात सावकाराकडे जायचे, याला मी धोरण म्हणत नाही.

शिवाय सरकारी खर्च म्हटला की त्यात झिरपणारा पैसा आला. मस्टरवर मेलेल्या माणसांचे अंगठे, कागदावरचे तलाव. हे सगळे झाले आहे. खुद्द आपल्या हमी योजनेत पुढे-पुढे निधी शिल्लक आणि कामे कमी अशी स्थिती आल्याची टीका झाली. पण तळ्याला गळती आहे म्हणून कुणी पाणी साठवायचे सोडत नाही, गळती बुजवतो. युरोपात ग्रीस देशाने २०१० नंतर कर्ज देणाऱ्यांच्या आग्रहाने भर मंदीत खर्च छाटला. २०१३ मध्ये तिथे शंभरातले २७ बेकार होते, आणि छाटणीने उत्पन्न किती घटेल याचा अंदाज आपण कमी धरला होता, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच अर्थतज्ज्ञांनी त्या वर्षी लिहून दिले.

तेव्हा मला विचाराल तर काटकसर हवीच; प्रश्न तिच्या ऋतूचा आहे. २०२० च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने चूक केली असे म्हणण्यापेक्षा, त्याला चूक करण्यावाचून गत्यंतर नव्हते अशी व्यवस्था आपण ठेवली होती असे मी म्हणेन. ज्याच्या हाती नोटा आणि कर्जाच्या किल्ल्या आहेत त्यानेच मंदीचा भार मुख्यतः उचलला पाहिजे. राज्ये तो उचलू शकत नाहीत.

हा मुद्दा आता पुस्तकी राहिलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. कामाचे हमी दिवस १०० चे १२५ केले, याचे स्वागत. पण बहुतेक राज्यांसाठी खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यावर टाकला आहे, केंद्र प्रत्येक राज्याचा आकडा आधी ठरवून देणार, आणि त्यापुढचा खर्च राज्याने सोसायचा. चांगल्या वर्षात हे चालून जाईल. पण पुन्हा २०२० सारखे साल आले, राज्याची तिजोरी कोरडी पडली, घाटरस्त्यावर तीच रांग लागली, तर आकडा संपल्यावर आलेल्या मजुराला कामाचे काय सांगायचे? मजूर मागेल तेवढा खर्च वाढतो हा या योजनेचा जीव होता. ठरलेल्या आकड्यापुढे तो वाढायचा की नाही, हे आता मंदीत सर्वांत दुबळ्या असलेल्या तिजोरीवर सोपवलेले आहे.

शेवटी तुमच्या गावापुरते एक सांगतो. या शहापूर तालुक्याच्या पोटात तानसा आहे, भातसा आहे, वैतरणेची धरणे आहेत. मुंबई त्यांच्यावर जगते आणि इथल्या पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहतात. भाताच्या खाचरांची मजगी, फुटलेले बांध, झऱ्यांवरच्या टाक्या, पाड्याचे रस्ते, अशी कामे इथे दहा वर्षे पुरतील एवढी पडली आहेत. मंदी आल्यावर ती शोधायला बसू नका. ग्रामसभेत त्यांची यादी आजच मंजूर करून ठेवा, मापे घेऊन, जागा नक्की करून. आणि ज्याला काम हवे त्याने तोंडी मागू नये, लेखी मागावे, आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. दिवाळीनंतर भट्टीवाल्याचा टेंपो पाड्यावर येतो, त्याच्या आधी ही पोच हातात असली पाहिजे.